दिगूचं लाल कुलूप

दिगू, तुझं कुलूप मी तोडलं.

आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तू मध्येच "मेल्या, मुद्द्यावर ये" म्हणणार नाहीस. मुद्दा हाच आहे. बाकीचं सगळं त्याच्या मागचं.

इथे आखातात, फहाहीलला, मराठी मंडळाने तुझी शोकसभा घेतली. तुझ्या फोटोला हार घातला, आणि एकेक जण उठून सांगायला लागला की दिगंबर कसा मनमिळाऊ होता, कधी कुणाला दुखावलं नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून मनात म्हटलं, च्यायला, हे कोणाबद्दल चाललंय? चौदा वर्षं एका गाडीतून आपण उत्तरेला कामाला गेलो, आणि चौदा वर्षांत तू मला एकदाही "तुझं बरोबर आहे" म्हणाला नाहीस. मला बोलायला सांगितलं तर मी हात जोडले आणि बसून राहिलो. बोलण्यासारखं जे होतं ते तिथे बोलता येण्यासारखं नव्हतं. आता मंडळाच्या अंकासाठी लिहून मागितलंय, तर लिहितो. तुझ्याशीच बोलतो, मधून मधून वाचणाऱ्यांसाठी थोडं उलगडून सांगतो, तेवढं सहन कर.

तर वाचणाऱ्यांनो, हा दिगू देवगडकडचा, इलेक्ट्रिशियन. मी नाशिकचा, त्याच्याच कंत्राटदार कंपनीत इंजिनीअर. काम उत्तरेला, सीमेच्या कुंपणाअलीकडून जो रस्ता जातो त्याच्यावरचे दिवे सांभाळायचं. पहाटे फहाहीलहून निघायचं, दीड-दोन तास गाडी, दिवसभर वाळूत खांब आणि पॅनल, आणि संध्याकाळी परत. आणि गाडीत भांडण.

भांडायला विषय लागतो. इथल्या राजकारणावर गाडीत एक शब्द काढायचा नाही, हा तुझा नियम. "ज्येचा मीठ खातंव, त्येच्या घरातला बोलूक नये." घरच्या राजकारणावर बोललो तर तू दोन दिवस अबोला धरायचास. म्हणून आपल्या वाट्याला अमेरिका आली. तिकडच्या राष्ट्राध्यक्षाने दक्षिणेच्या सीमेवर आणीबाणी जाहीर केली, संसदेने भिंतीला पैसा दिला नाही तर लष्कराच्या बांधकामाचा पैसा तिकडे वळवला, सैनिक पाठवले, आणि आपण दोघं सातशे फुटांवर दुसऱ्याच देशाचं कुंपण दिसणाऱ्या रस्त्यावर, कडक उन्हात, त्यावरून एकमेकांचा गळा धरायला निघालो. कोणी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

माझं म्हणणं सरळ होतं, आणि अजूनही बरंचसं तेच आहे. घरात चोर शिरला तर ग्रामसभा बोलावतोस का? राष्ट्राध्यक्ष निवडून दिलाय कशासाठी? वेळ आली की त्याने ठरवायचं. तू खिडकीबाहेर बघत म्हणायचास, "चोर शिरलो की मांजार, ता आधी बघूक नको?" मी म्हणायचो, बघत बसलास की गेलं घर. मग मी माझा हुकमी पत्ता टाकायचो. हाच रस्ता, दिगू. एका पहाटे ह्याच बाजूने रणगाडे आले आणि संध्याकाळपर्यंत अख्खा देश गेला. इथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचार सीमा म्हणजे काय ते. त्यावर तू मान हलवायचास. "होय रे, ता खरा," म्हणायचास. पण सबंध हरायचं तुझ्या रक्तात नव्हतं. दोन किलोमीटर गेल्यावर हळूच विचारायचास, "पण ती आणीबाणी उठवतलो कोण? लावूक एक सही पुरता. काढूक कोण येतलो?" मी कुठेतरी वाचलं होतं की तिकडे कितीतरी जुन्या आणीबाण्या दरवर्षी सही होऊन अजून चालूच आहेत. ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या हातात आयतं कोलीत कोण देईल?

तुझ्या बोलण्याला बुड काय होतं ते मला एकदाच कळलं. अब्दलीच्या रस्त्यावर धुळीचं वादळ आलं, समोरचं बॉनेट दिसेना, गाडी कडेला घेतली. काचांवर वाळू घासत होती. तेव्हा तू आपणहून सांगितलंस. तुझे बाबा शाळामास्तर. आपल्याकडची आणीबाणी, तू दुसरी-तिसरीत. तालुक्यातून मास्तरांवर नसबंदीच्या केसेस आणायचं बंधन आलं, नाही तर पगार बंद. बाबांनी गावातून तीन माणसं नेली. दोघं पोराबाळांचे होते. तिसऱ्याचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. कागदावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं, आणि मास्तर हात धरून नेतायत म्हणून तो गेला.

मग आणीबाणी उठली, सरकार गेलं, लोकांनी पेढे वाटले. आणि तो माणूस रोज सकाळी शाळेच्या गडग्यापाशी, दगडी कुंपणापाशी, येऊन उभा राहायला लागला. बोलायचा नाही, शिवी नाही, काही नाही. शाळा भरायची, तो उभा. शाळा सुटायची, तो जायचा. बाबा निवृत्त होईपर्यंत खिडकीकडे पाठ करून शिकवायचे, आणि खिडकी बंद करायची त्यांना हिंमत होत नव्हती. तू म्हणालास, "हुकूम दिल्लीचो होतो, पण हात बाबांचो." वादळ ओसरलं, आपण निघालो.

आता त्या गुरुवारचं. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहितो.

दुपारी तू खांब एकतीस ते एक्केचाळीसच्या पट्ट्यात काहीतरी बिघाड काढत होतास. मी दुसऱ्या टोकाला होतो. जाताना पॅनलपाशी आलो तर तू त्या पट्ट्याचा स्विच बंद करून त्यावर तुझं लाल कुलूप अडकवत होतास. आमच्या धंद्यात हा नियम आहे, वाचणाऱ्यांनो: जो माणूस लाइनवर हात घालणार, त्याने स्विच बंद करून स्वतःचं कुलूप घालायचं. एक माणूस, एक कुलूप, एकच चावी, आणि ती त्याच्याच अंगावर. कुलपाला त्याचा फोटो लावलेला टॅग. ते कुलूप दुसऱ्याने काढलं तर तिकडे खांबावर माणूस मरतो. तू चावी गळ्यात काळ्या दोऱ्यात घालायचास. मी विचारलं, काम झालं नाही? म्हणालास, "शनिवारी करतंय. तवसर कुलूप रवांदे. मी येयसर कोणी हात लावचो नाय." मी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. काय बिघाड ते सांगायला तू तोंड उघडलंस, आणि मी नेमकी त्याच वेळी अमेरिकेची ताजी बातमी काढली.

आणि मग गाडीत मी ते बोललो. तू पुन्हा "हात आपलो असता" सुरू केलंस आणि माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "तुझ्या बापाने शेपूट घातली म्हणून जगातली प्रत्येक आणीबाणी वाईट ठरत नाही, दिगू."

फहाहीलला उतरताना नेहमीसारखी गाडीच्या टपावर दोनदा थाप मारलीस आणि म्हणालास, "शनिवारी बोलूया." शुक्रवारी सकाळी आंघोळ करून तू खोलीत आलास आणि खाटेवर बसलास तो बसलासच. रूमवाल्यांचा मला फोन आला तेव्हा मी मासळीबाजारात पापलेटाचा भाव करत होतो.

त्या वाक्याची माफी मी तुझ्याकडे मागितली नाही. शनिवारी मागणार होतो की नाही, तेही मला माहीत नाही. खोटं कशाला बोलू? कदाचित एखादा चहा पाजून मिटवलं असतं, आपण मिटवायचो तसं. ज्या माणसाने मला माझ्या पहिल्या वर्षात शॉक लागल्यावर लाकडी फळीने बाजूला ढकलून वाचवलं, त्याच्या बापाला मी भित्रा म्हणालो. दिगू, तुझे बाबा भित्रे नव्हते रे. ते माझ्यासारखे होते, एवढंच.

हे मला पुढच्या रविवारी कळलं.

तुला घरी पाठवायचे कागद मंगळवारपर्यंत झाले. तू गेलास. गळ्यातला काळा दोरा चावीसकट तुझ्याबरोबर गेला, कोणाच्या लक्षातच आलं नाही. इकडे पॅनलवर तुझं कुलूप तसंच. संध्याकाळी परतताना दिव्यांची रांग तिसाव्या खांबापर्यंत यायची, मग अकरा खांब काळोख, मग बेचाळीसपासून पुन्हा रांग. ड्रायव्हर त्या तुकड्यात गाडी हळू करायचा. मी त्याला कधी सांगितलं नव्हतं हळू कर म्हणून. आणि टॅगवरचा तुझा फोटो, तो जुना, मिश्या असलेला. सकाळी पॅनलपाशी गेलो की वाटायचं, हा आता विचारणार, काय रे, कोण इलोला?

नवव्या दिवशी मुदीरने मला ऑफिसात बोलावलं. मुदीर म्हणजे आमचा मॅनेजर, इजिप्तचा, वाईट माणूस नाही, पण त्याच्यावर वरून दाब आला होता. सीमेवरचे पहारेकरी अकरा खांबांच्या अंधारात उभे राहतात, धुकं सुरू झालंय, काहीही होऊ शकतं. "हा सीमेचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "तातडीचा अधिकार तुझ्या हातात आहे, तू सही करू शकतोस. बुकरा, उद्या सकाळी, कुलूप तोड, लाइन चालू कर, खलास." मी म्हणालो, आधी लाइन चालून बघावी लागेल, पायी, एकेक खांब तपासत. तो म्हणाला, "माणूस मेलाय. खांबावर कोणी नाही. काय बघायचंय?"

आणि खरं सांगू? मला ते पटलं. चौदा वर्षं मी तेच तर म्हणत होतो.

राई भागातल्या कंपनीच्या गोदामातून कटर आणला. तिथूनच तो फॉर्म घेतला, मालक नसताना कुलूप तोडायचा. त्यात तीन अटी असतात. एक, मालक जागेवर नाही याची स्वतः खात्री केली. दोन, मालकाशी संपर्क साधायचा प्रयत्न केला. तीन, मालक परत आल्यावर त्याने कामाला हात लावण्याआधी त्याला कळवलं. मी गाडीतच खाली सही ठोकली आणि वरचे रकाने तसेच ठेवले.

रविवारी सकाळी एवढं धुकं होतं की पॅनलपासून पहिला खांब दिसत नव्हता. कटरचा जबडा मी तुझ्या कुलपाच्या कडीत घातला. दोन्ही हातांनी दाब दिला आणि खिशात फोन वाजला. वहिनी. मी म्हटलं, ह्या वेळी? मग आठवलं, तुझा दहावा.

"भावजी, कावळो शिवणा नाय," त्या म्हणाल्या. मागे माणसांचा गलका, समुद्राचा वारा. तासभर झाला होता. पोरीच्या लग्नाचं कबूल करून झालं, घराच्या कौलांचं झालं, तुझ्या भावाने कलमांची वाटणी नीट करीन म्हणून दर्भ हातात घेऊन सांगितलं. कावळे येऊन पिंडाभोवती बसले होते, बघत होते, आणि एकही पुढे येत नव्हता. "थंय तेंचा कायतरी रवलाहा काय हो? तिकडे काही राहिलंय का त्यांचं? गळ्यात एक चावी होती. घरातल्या एकाही कुलपाक लागणा नाय."

माझे दोन्ही हात कटरवर होते, फोन खांद्याने धरलेला. टॅगवरचा तू माझ्याकडे बघत होतास.

मी असल्या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे. मी म्हणालो, वहिनी, फोन पिंडापाशी धरा. आणि त्या धुक्यात, एकट्याने, मोठ्याने म्हणालो, "दिगू, तुझी लाइन स्वतः चालून बघितल्याशिवाय मी कुलूप तोडणार नाही." तिकडे काही क्षण नुसता वारा. मग तुझा भाऊ ओरडला, "शिवलो! शिवलो!" आणि बायका रडायला लागल्या. मी कटर काढून वाळूत ठेवला.

मग लाइन चालायला निघालो. एकतीस, बत्तीस, तेहतीस, सगळं ठीक. छत्तिसाव्या खांबापाशी आधी शेळ्यांचा वास आला, मग घंटा, मग धुक्यातून तो मेंढपाळ. बांगलादेशी, पन्नाशीचा, डोक्याला लाल रुमाल. त्याने शेळ्यांचं कुंपण केलं होतं, लोखंडी तारेचं, आणि तार ताणायला दोन खांब धरले होते. छत्तीस आणि सदतीस. मी खांबाचं खालचं दार उघडलं. आत केबल सोललेली, तांबं उघडं, खांबाच्या लोखंडाला टेकलेलं. अर्थिंगची पट्टी कोणीतरी कापून नेली होती. बटण दाबलं असतं तर दोन्ही खांब, सगळी तार, ओली वाळू, त्या शेळ्या आणि तारेला धरून उभा असलेला हा माणूस, सगळं एकदम. माझ्या सहीने. तातडीच्या अधिकारात.

मी त्याच्यावर खेकसलो, तार कशाला बांधलीस, सोड आधी. तो शांतपणे म्हणाला, "आपका दोस्त भी यही बोला. लेकिन वो बोला, आराम से खोलो, जब तक मैं नहीं बोलता बत्ती नहीं आएगा."

"कब बोला?"

"पहले दिन बोला. फिर रोज आता है. कल भी आया."

मी म्हणालो, तो वारून आज दहावा दिवस. त्याने माझ्याकडे असं बघितलं की चूक माझीच आहे. मग स्वतःच्या गळ्यापाशी बोट फिरवून म्हणाला, "काला धागा. चाबी."

त्याला दिवसांचं भान नसेल, वाळवंटात एकटा राहतो, असं मी स्वतःला सांगितलं. अजूनही सांगतो.

मुदीरला फोन करून म्हणालो, आज होणार नाही. तो ओरडला. मी त्याच्याहून मोठ्याने ओरडलो. दोन दिवस लागले. मेंढपाळाने तार सोडून कुंपण लांब नेलं, मी केबल बदलली, नवी पट्टी बसवली, अकराच्या अकरा खांब मीटर लावून तपासले. मग कुलूप तोडलं. चावीची वाट बघितली नाही, दिगू. ती यायला महिना गेला असता, आणि ती पहाऱ्यावरची पोरं खरंच अंधारात उभी होती. तेवढं माझं बरोबर आहे आणि तेवढ्यावर मी तुझ्याशी अजून भांडीन. कधी कधी कुलूप तोडावं लागतं. पण आधी चालत जावं लागतं, आणि त्या खांबापाशी कोण उभं आहे ते डोळ्यांनी बघावं लागतं. ते तू चौदा वर्षं सांगत होतास. तुझं बरोबर आहे. घे, म्हणालो.

फॉर्म भरायला बसलो. संपर्क साधला का, त्यात "होय" लिहिलं. मालक जागेवर नाही याची खात्री, त्यावर पेन बराच वेळ थांबला, शेवटी टिक केली. तिसरा रकाना, मालक परत आल्यावर कळवलं. मुदीर म्हणाला, लिही लागू नाही. मी कोरा सोडला.

हे सगळं मंगळवारी संपलं. अकरा दिवे लागले, रांग पुन्हा अखंड झाली, ड्रायव्हर आता गाडी हळू करत नाही. मी हा लेख लिहिणार नव्हतो.

काल संध्याकाळी छत्तिसाव्या खांबापाशी मेंढपाळाने हात करून गाडी थांबवली. जवळ आला, आवाज खाली करून म्हणाला, तुमचा दोस्त सकाळी आला होता. दिवे बघून चक्रावला. वर बघत कितीतरी वेळ उभा होता. मग पॅनलच्या दिशेने जाऊन आला, आणि येऊन खांबाचं खालचं दार उघडायला लागला, काम अर्धं राहिल्यासारखा. मेंढपाळ जोराने ओरडला तेव्हा थांबला. "साब," तो मला म्हणाला, "उसको किसी ने बताया नहीं क्या?"

नाही बताया. चूक माझी. रकाना कोरा सोडला म्हणजे काम झालं असं नसतं. म्हणून आज सकाळी हे लिहायला बसलो, आणि छापायच्या आधी एक प्रत छत्तिसाव्या खांबाच्या दारावर आतून चिकटवणार आहे, तू उघडशील तिथेच.

तर दिगू, नियमाप्रमाणे कळवतो. एकतीस ते एक्केचाळीस, तुझं राहिलेलं काम मी पूर्ण केलं, चोख केलं, तपासून बघितलं तरी खोड काढता येणार नाही. कुलूप मी तोडलं. चावी वहिनींनी देवापाशी ठेवलीय. तुझ्या बाबांबद्दल जे बोललो ते मागे घेतो. तार सोडलीय, माणूस सुखरूप आहे, शेळ्या सुखरूप आहेत.

लाइन चालू आहे. हात लावू नकोस.